नाव घालून मिळेल

मराठी भाषेत नावाचे जितके हाल होतात तितके दुसऱ्या कशाचेही होत नसतील. आपण बाळाचं नाव ठेवतो आणि त्याच बारशात बाळाच्या आत्याला नावं ठेवतो. मुलगा परीक्षेत पहिला आला तर घराण्याचं नाव काढतो, नापास झाला तर तेच नाव घालवतो. नवऱ्याचं नाव एरवी घ्यायचं नाही, पण पंगतीत चारचौघांनी आग्रह केला की चांदीच्या ताटात, सोन्याच्या पाटात घोळवून घोळवून घ्यायचं. आणि या सगळ्यावर कडी करणारी पाटी भांड्यांच्या दुकानात लटकत असते : 'नाव घालून मिळेल.'

आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीपुढे उभं राहिलं की आमचा वंशवृक्ष वाचता येतो. एका पातेल्यावर मोठ्या आत्याचं नाव आहे, तिच्या लग्नाच्या तिथीसकट. एका डब्यावर आमच्या मामांनी 'सप्रेम भेट' दिल्याचा पुरावा आहे. सप्रेम या शब्दावर पुढे पोचा आला, पण तो नंतरच्या भाऊबंदकीचा परिणाम नसावा. एका तांब्यावर ज्या गृहस्थांचं नाव आहे ते आमचे कोण, हे घरात कुणालाच माहीत नाही. बहुधा तो तांब्या एखाद्या मुंजीतून चुकून आमच्याबरोबर आला आणि तिकडे आमचा एखादा तांब्या परक्या घरात आमचं नाव राखून असेल.

नाव घालण्यामागे आपल्या लोकांचं शहाणपण आहे. घेणाऱ्याचं नाव घातलं की भांडं हरवत नाही. देणाऱ्याचं नाव घातलं की ते दुसऱ्याच्या लग्नात खपवता येत नाही. पण या सगळ्या नावांत एक नाव कधीच नसतं. ज्यानं ते पातेलं ठोकून ठोकून घडवलं, त्याचं! सत्तर वर्षं मी त्या फळीखाली जेवलो, पण ही गोष्ट मला कधी खटकली नव्हती. ती खटकायला मला साहेबाच्या देशात जाऊन पंधरा पौंडांना एक मळकट थाळी विकत घ्यावी लागली.

त्याचं असं झालं, की आमच्या लेकीचं बाळंतपण विलायतेत व्हायचं होतं. बाळंतपणाला गरज असते ती आईची. वडिलांची नसते. पण आमच्या सौ.ला एकटीनं विमानात बसायची भीती वाटत होती, म्हणून सामानाबरोबर मीही गेलो. तिथे घरात मला तीनच कामं होती. पुढ्यात येईल तो चहा पिणं, बाळ रडलं तर हिला हाक मारणं आणि वाटेत न येणं. तिसऱ्या कामात मी वारंवार चुकू लागल्यावर एका रविवारी जावईबापू मला जुन्या बाजारात घेऊन गेले. मोटारी उभ्या करायच्या मैदानात लोक घरातली अडगळ मांडून बसतात आणि दुसरे लोक ती हौसेनं आपल्या घरी नेतात, असा तो बाजार असतो. तिथे मला ती थाळी दिसली. राखाडी, जड, सुरीच्या ओरखड्यांनी भरलेली. पाठीमागे बारीक बारीक ठसे होते. विकणारा म्हणाला, "प्यूटर आहे, अडीचशे वर्षांची." मी विचार केला, अडीचशे वर्षांपूर्वी आपल्याकडे पेशवाई होती! त्या भावनेच्या भरात मी पंधरा पौंड मोजले.

घरी आल्यावर हिनं प्रथम पंधराला शंभरानं गुणलं, मग वरचे सुटे मिळवले आणि म्हणाली, "एवढ्यात आपल्याकडे अर्धा डझन नवीन ताटं आली असती. वर नाव फुकट घालून दिलं असतं."

"यावर नाव आहे," मी म्हणालो.

"कुणाचं?"

याचं उत्तर शोधायला मी शेजारी गेलो. शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा राहत. सहा आठवड्यांत आमच्यात फक्त हवेबद्दल बोलणं झालं होतं, तेही हवा आणि कुंपण दोन्ही मध्ये ठेवून. पण माझ्या हातातली थाळी पाहताच ते गृहस्थ एकदम बदलले. आत बोलावलं, चहा दिला, भिंग काढलं. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर प्यूटर मांडलेलं होतं आणि ही विद्या ऐकून घेणारा माणूस त्यांना बऱ्याच वर्षांत भेटला नसावा.

प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील. त्याला कठीणपणा यावा म्हणून थोडं तांबं, पुढच्या काळात अँटिमनी, आणि हलक्या मालात शिसं. आमच्या लहानपणी कल्हईवाला दारात भाता फुंकून पातेल्याच्या आतून जे फिरवायचा तेच हे कथील. आपण ज्याचा पापुद्रा लावतो त्याची या लोकांनी अख्खी थाळी केली. इंग्लंडच्या नैऋत्येला कॉर्नवॉलमध्ये कथलाच्या खाणी होत्या, त्यामुळे माल घरचाच. चांदी परवडत नाही आणि लाकडी थाळीत जेवणं शोभत नाही, अशा मधल्या लोकांचं हे भांडं. थोडक्यात, आपलंच! बारा मोठी ताटं, बारा वाडगे आणि बारा बशा अशा पुऱ्या संचाला ते 'गार्निश' म्हणत. आपल्याकडे गार्निश म्हणजे वरून भुरभुरलेली कोथिंबीर. पसरट भांड्यांना म्हणत 'सॅडवेअर'. इंग्रजांचं जेवण चाखून मी सहा आठवडे काढले होते, त्यामुळे भांडी दुःखी असणं मला स्वाभाविक वाटलं. पण आजोबांनी खुलासा केला की जुन्या इंग्रजीत सॅड म्हणजे जड, भरीव.

धातू मऊ असल्यामुळे थाळ्या झिजत, सुरीनं चिरत, वाकत. मग घरधनीण जुनं प्यूटर कारागिराकडे नेऊन घाली, तो ते वजनावर घेई, वितळवी आणि त्यातूनच नवं ओती. आपल्याकडे मोड घालून नवी भांडी घेतात तसंच. म्हणून फार जुनं प्यूटर कमी उरलं आहे. आजच्या थाळीत कालची थाळी असायची.

आता खरी गंमत या धंद्यातल्या लबाडीची. शिसं कथलापेक्षा स्वस्त आणि वजनानं जड. माल विकायचा वजनावर. म्हणजे कथलात शिसं घालणाऱ्याला दोन्हीकडून फायदा, आणि वरून बघून तर कुणाला काही कळत नाही. आपल्या दूधवाल्याला पाणी सापडलं तसं त्यांना शिसं सापडलं. म्हणून १३४८ साली लंडनच्या प्यूटरकारांनी महापौर आणि नगरपित्यांकडून नियम मंजूर करून घेतले, की कुठल्या भांड्यात काय घालायचं आणि काय नाही. १४७४ साली चौथ्या एडवर्ड राजानं त्यांच्या मंडळीला सनद दिली आणि देशभर कुठेही जाऊन माल तपासायचा हक्क दिला. या मंडळीचं नाव 'वर्शिपफुल कंपनी ऑफ प्यूटरर्स', म्हणजे पूजनीय प्यूटरकार मंडळी. ती आजही आहे. तपासणीची रीत साधी होती. एकाच साच्यात एक गोळी चोख मालाची ओतायची आणि एक संशयित मालाची. तराजूत घालायच्या. संशयिताची गोळी जड भरली की शिसं जास्त, आणि माल जप्त.

पण माल वाईट निघाला तर धरायचं कुणाला? थाळीला तोंड नसतं. म्हणून १५०३ साली पार्लमेंटानं कायदा केला, की प्रत्येक कारागिरानं आपल्या मालावर आपली खूण उठवलीच पाहिजे. या खुणेला 'टच' म्हणतात. स्वतःचा धंदा सुरू करणारा कारागीर लंडनला मंडळीच्या वाड्यात जाई आणि तिथे ठेवलेल्या प्यूटरच्या पत्र्यावर आपला ठसा ठोकून येई. कुणाचं फूल, कुणाचा पक्षी, कुणाचा मुकुट, कुणाची नुसती आद्याक्षरं. उद्या कुठल्याही गावात शिसंमिश्रित थाळी सापडली तर तिची पाठ त्या पत्र्याशी ताडून पाहायची की माणूस सापडला. १६६६ च्या लंडनच्या आगीत मंडळीचा वाडा जळला आणि जुने पत्रे गेले. पण दोन-एक वर्षांत नवा पत्रा तयार झाला आणि जे कारागीर हयात होते त्यांनी पुन्हा येऊन आपापले ठसे ठोकले. तेव्हापासूनचे पाच पत्रे अजून आहेत आणि त्यांवर हजाराहून अधिक ठसे आहेत.

इथे मी आजोबांना थांबवलं. "म्हणजे जळले होते तेव्हा ते सुटले होते की! पुन्हा कशाला गेले?"

आजोबांनी भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं. माझी सगळी नोकरी सरकारी खात्यात झाली, हे त्यांना माहीत नव्हतं. फाइल जळणं याचा जो अर्थ आमच्या मनात असतो तो त्यांच्या मनात येईना.

मग त्यांनी माझी थाळी उलटी केली. पाठीवर चार बारीक चौकोनी ठसे ओळीनं होते. मला वाटलं, हीच ती खूण. ते हसले. चांदीवर जे ठसे असतात त्यांची ही नक्कल. गिऱ्हाइकाला लांबून चांदीसारखं वाटावं म्हणून प्यूटरकार हे ठसे मारत आणि त्यावरून चांदीवाले सोनार सतराव्या शतकात चिडलेही होते. शेजारी इंग्रजी एक्स या अक्षरावर मुकुट. ही आधी खास उंची मालाची खूण होती, पुढे जो तो आपल्या कुठल्याही मालावर मारू लागला. आपल्याकडे प्रत्येक खाणावळीवर 'उत्तम' लिहिलेलं असतं तसं. त्याखाली 'लंडन' ही अक्षरं. याचा अर्थ थाळी लंडनची असेलच असं नाही. बाहेरगावचे कारागीरही बिनदिक्कत लंडन ठोकत, कारण लंडनचा माल म्हटला की भाव येतो. आमच्या गावात 'पूना टेलर्स' होते, त्यांनी पुणं पाहिलं नव्हतं.

"आणि खरी खूण? टच?"

आजोबांनी मधल्या एका गोल डागावर बोट ठेवलं. तो घासला गेला होता. भिंगातून एका पाकळीसारखं काही दिसत होतं, कदाचित पंखही असेल. अक्षर एकही लागत नव्हतं. त्यांनी त्यांच्याजवळचा कॉटरेल नावाच्या गृहस्थांचा १९२९ सालचा जाडजूड ग्रंथ काढला. त्यात हजारो कारागीर आणि त्यांच्या खुणा दिल्या आहेत. तासभर आम्ही दोघे म्हातारे एक पान थाळी, एक पान पुस्तक असं पाहत बसलो. माणूस सापडला नाही.

"म्हणजे खोटी?" मी पंधरा पौंडांच्या काळजीनं विचारलं.

"खोटी नाही. जुनी आहे, चांगली आहे. फक्त निनावी. बढाई सगळी वाचता येते. नाव तेवढं वाचता येत नाही."

हे वाक्य ते सहज बोलले. पण मी थाळी उचलली, हवेबद्दल दोन शब्द बोललो आणि घरी आलो. त्या रात्री बाळ रडलं नाही, तरी मला झोप लागली नाही.

वाचकहो, आता माझ्या सहीबद्दल सांगितलं पाहिजे. नोकरीला लागलो तेव्हा माझी सही म्हणजे माझं संपूर्ण नाव असे. वडिलांच्या नावासकट, शाळेतल्या वळणदार अक्षरांत. पहिल्या बढतीला वडील गेले. दुसऱ्या बढतीला माझं नाव जाऊन अक्षर उरलं. मग आडनावातले काने-मात्रे गळाले. अधीक्षक झालो तेव्हा सही म्हणजे एक लाट आणि तिच्या शेवटी एक टिंब एवढंच उरलं. लोकांना वाटे, साहेबांना वेळ नाही. खरं कारण वेगळं होतं. आमच्या खात्यात जुने लोक नव्यांना सांगत, की सही अशी करावी की चेक वटला पाहिजे, पण माणूस सापडता कामा नये.

१९८३ साली आमच्या खात्यानं वसतिगृहांतल्या मुलांसाठी स्टीलच्या थाळ्या मागवल्या होत्या. (योगायोग पाहा, थाळ्याच!) आमच्याकडे एक तरुण तपासनीस होता. माल आला त्या दिवशी त्यानं किराणावाल्याकडून तराजू मागून आणला. एका पारड्यात मंजूर नमुन्याच्या दहा थाळ्या घातल्या. दुसऱ्या पारड्यात आलेल्या मालातल्या घालत गेला. काटा बरोबर यायला बारा थाळ्या लागल्या. प्यूटरकारांकडे जड निघालं की लबाडी, आमच्याकडे हलकं निघालं की लबाडी, एवढाच काय तो फरक. त्यानं स्वच्छ अक्षरात टिपण लिहिलं, खाली पूर्ण नाव घालून सही केली आणि फाइल माझ्याकडे पाठवली. स्वतः येऊन म्हणाला, "साहेब, तुम्ही फक्त 'सहमत' लिहा. पुढचं मी बघतो."

मला पटलं होतं. मी ते तराजू डोळ्यांनी पाहिलं होतं. पण वरून एक-दोन फोन येऊन गेले होते. मुलीचं नाव नुकतंच शाळेत घातलं होतं. मी लिहिलं, 'पाहिले. नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी.' खाली लाट आणि टिंब. मराठी भाषेत याच्याइतकं पोकळ वाक्य मी आजवर वाचलेलं नाही. माल पास झाला. तपासनिसाची गडचिरोलीला बदली झाली. शिक्षा म्हणून नव्हे. प्रशासकीय सोयीसाठी.

दोन-तीन वर्षांनी त्या थाळ्यांची चौकशी निघाली. मुलांच्या हातात थाळ्या वाकत होत्या म्हणे, आणि कडा उलून बोटं कापत होती. चौकशी अधिकाऱ्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून फाइल फिरवली. "ही सही कुणाची?" त्या वर्षी त्या टेबलावर चार माणसं बदलली होती, त्यामुळे शंकेला जागा होती. फाइल माझ्यापुढे आली. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणालो, "नीट लागत नाही."

हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. हिलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आजोबांकडे गेलो आणि जरा तावातावानंच म्हणालो, "तुमच्या त्या प्यूटरकारांचं एवढं कौतुक करायचं कारण नाही. पकडले जाऊ म्हणून प्रामाणिक राहिले, त्यात कसला प्रामाणिकपणा? नाव नसताना चोख माल देणारा तो खरा." आरोपी स्वतः वकिली करतो तेव्हा आवाज चढतोच.

आजोबा म्हणाले, ते कारागीर काही संत नव्हते. तपासणीच्या हक्काचा उपयोग मंडळीनं परक्यांना आणि बाहेरगावच्यांना धंद्यातून हुसकायलाही केला. आणि खुणा कशा वाहवत गेल्या ते तुम्ही काल पाहिलंच. लबाडी धरण्यासाठी ठेवलेल्या जागेवर शेवटी जाहिरात येऊन बसली. "पण एक लक्षात घ्या," ते म्हणाले. "पत्र्यावर ठसा ठोकायचा तो धंदा सुरू करताना. त्या दिवशी त्यानं स्वतःची अशी एकही थाळी विकलेली नसायची. म्हणजे काही वाईट करण्याआधीच तो म्हणायचा, मी वाईट केलं तर मला इथे शोधा. माणूस हे म्हणून टाकतो, मग पुढे भीतीनं का होईना, त्याला तसं वागावं लागतं."

मग त्यांनी आणखी एक गंमत सांगितली. काही ठशांत साल असतं. नवशिके लोक समजतात, थाळी त्या सालची. ते साल ठसा नोंदवल्याचं. थाळी वीस वर्षांनंतरचीही असू शकते. पेढ्याच्या खोक्यावर 'स्थापना' म्हणून साल असतं, म्हणून काही पेढे तेव्हाचे नसतात. तसंच हे. पण मला ते साल वेगळंच वाटलं. वीस वर्षं रोज, प्रत्येक थाळीच्या पाठीवर, माणूस आपल्या पहिल्या दिवसाची आठवण ठोकत राहायचा. माझ्या पहिल्या दिवसाच्या सहीत वडिलांचं नाव होतं.

माझ्या थाळीच्या दर्शनी काठावर आणखी तीन अक्षरं होती, त्रिकोणात मांडलेली. एक वर, दोन खाली. ती मात्र स्पष्ट होती. ती कारागिराची नव्हेत, घरधन्याची. वरचं अक्षर आडनावाचं, खालचं डावं नवऱ्याचं, उजवं बायकोचं. म्हणजे साहेबसुद्धा भांड्यावर नाव घालून घ्यायचा! मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मालकाचं नाव समोर, करणाऱ्याचं मागे. एक म्हणतं, 'हे माझं आहे.' दुसरं म्हणतं, 'यात वाईट निघालं तर ते माझं आहे.' आपल्याकडे देणाऱ्याचं तिसरं नाव असतं, ते म्हणतं, 'हे माझं होतं, विसरू नका.' देवळातल्या बाकावर आपण टेकतो तेव्हा पाठीला हेच तिसरं नाव लागतं. पहिली आणि तिसरी, दोन्ही नावं आपण हौसेनं, पैसे देऊन घालून घेतो. दुसऱ्याच्या वेळी आपल्याला चष्मा पुसावा लागतो.

तरी मग आपल्या तांबटाचं काय? पुण्याच्या तांबट आळीत पिढ्यान् पिढ्या भांडी मठारली गेली. आमच्या घरच्या बंबावर आणि घंगाळावर कुणा कारागिराचं नाव नाही. ते लोक लबाड होते का? छे! मी यावर पुष्कळ विचार केला. (बाळ झोपलेलं असे, दुसरं काम नसे.) मला वाटतं, त्यांना नावाची गरज नव्हती. आमची आई कल्हईवाल्याला परत बोलावून पातेलं त्याच्या नाकापुढे धरायची आणि म्हणायची, "ही कल्हई म्हणायची का चुना?" तो मुकाट्यानं पुन्हा भाता मांडायचा. ज्याचा चेहरा दारात येतो त्याचा चेहरा हाच ठसा. सोनारही घरचाच असे. आजोबांच्या काळापासूनचा असे, म्हणून आपण त्याचा शब्द घेत होतो. आता दागिने कुठून कुठे जातात, म्हणून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं सोन्यावर हॉलमार्क सक्तीचा झाला आणि प्रत्येक दागिन्याला सहा अक्षरांकांची खूण आली. वस्तू करणाऱ्याच्या चेहऱ्यापासून लांब गेली की तिच्याबरोबर त्याचं नाव पाठवावं लागतं. लंडनची थाळी शंभर मैलांवर जायची, म्हणून पार्लमेंटाला कायदा करावा लागला.

आणि कागद तर सगळ्यात लांब जातो. ज्या मुलांच्या हातात त्या थाळ्या वाकल्या त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा मी पाहिला नव्हता. त्यांनी माझा पाहिला नव्हता. आमच्या मध्ये होती ती फक्त एक लाट आणि एक टिंब.

सहा महिन्यांनी आम्ही परत आलो. निघताना आजोबा कुंपणापर्यंत आले. त्यांनी हवेबद्दल एकही शब्द काढला नाही, यावरून त्यांना वाईट वाटलं हे मी ओळखलं. घरी आल्यावर चार दिवस झोपेचं गणित चुकलं होतं, तेवढ्यात एका पहाटे उठून मी त्या तपासनिसाला पत्र लिहिलं. तोही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पत्ता एका जुन्या सहकाऱ्याकडून मिळवला. पत्रात थाळीची हकीकत लिहिली, तराजूची लिहिली, चष्म्याची लिहिली. खाली सही केली ती संपूर्ण, वडिलांच्या नावासकट. हात वळेना. तीन कागद फाडावे लागले. सहीची सवय मोडली की स्वतःचं नाव काढणंसुद्धा कठीण जातं, हे मला वयाच्या शहात्तराव्या वर्षी कळलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. एकच पान. त्यानं प्रकृतीची चौकशी केली होती, नातवाला आशीर्वाद दिला होता, गडचिरोलीचं जंगल फार सुंदर होतं असं लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती : 'साहेब, सही मी तेव्हाही ओळखली होती. चौकशीच्या खोलीत मला बोलावलं होतं. मलाही नीट लागली नाही असंच मी सांगितलं. तुमची मुलगी लहान होती.' खाली त्याचं पूर्ण नाव, त्याच स्वच्छ अक्षरात.

ते पत्र मी हिला वाचायला दिलं. मग अर्थातच सगळं सांगावं लागलं. हिनं ऐकून घेतलं, बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "त्यांना एकदा जेवायला बोलवा." हिच्या कोर्टातली ही सगळ्यात कडक शिक्षा आहे, कारण जेवताना तो माझ्या समोर बसणार.

थाळी सध्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहे. मी ती पाठ पुढे करून लावतो. शनिवारी हिची झाडलोट झाली की ती सुलटी झालेली असते, तीन अक्षरांचा त्रिकोण समोर. रविवारी सकाळी मी ती परत फिरवतो. परवा कुणी पाहुणे आले होते, ते म्हणाले, "अहो, ताट उलटं लागलंय तुमचं."

मी म्हटलं, "नाही, बरोबर आहे. ती त्याची सही आहे."

त्यांनी चष्मा नीट करून जवळून पाहिलं आणि म्हणाले, "नीट लागत नाही हो."